दहा अधिक दोनच्या पलीकडचे कोठारी

महाराष्ट्रात बी.एड. किंवा डी.एड. केलेल्या माणसाला कोठारी हे नाव ऐकलं की आधी परीक्षेतला प्रश्न आठवतो : ‘कोठारी आयोगाच्या शिफारशी सविस्तर लिहा.’ उत्तर ठरलेलं असतं. 1964 ते 1966, दहा अधिक दोन अधिक तीन, कार्यानुभव, त्रिभाषा सूत्र, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च. पाठ करायचं, लिहायचं आणि निकाल लागला की सोडून द्यायचं. ज्यांच्या नावानं तो आयोग ओळखला जातो ते दौलतसिंह कोठारी कोण होते, हे गाइडात कुठेच नसतं. त्यांचं मूळ शास्त्र शिक्षणशास्त्र नव्हतं. विझत चाललेल्या ताऱ्यांच्या पोटात पदार्थाचं काय होतं याचं गणित मांडणारे ते भौतिकशास्त्रज्ञ होते. पुढे तेरा वर्षं ते संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार होते, बारा वर्षं विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते आणि उतारवयात जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलपती. पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिकेची खुर्ची महिन्याच्या भाड्यानं घेऊन केंद्रीय लोकसेवा आयोगाचा अभ्यास करणारी मुलं ज्या पूर्व, मुख्य आणि मुलाखत या तीन पायऱ्यांवर आयुष्य लावतात, त्या पायऱ्याही त्यांच्याच एका समितीनं आखलेल्या आहेत.

एकाच माणसाच्या नावावर आपली शाळा, आपलं कॉलेज आणि आपली मोठी स्पर्धापरीक्षा अशा तिन्ही गोष्टी असाव्यात आणि त्या माणसाचं एकही चरित्र आपल्या घरातल्या कपाटात नसावं, हे मला खटकत आलं आहे. त्याहून जास्त खटकतं ते हे की त्यांच्या अहवालातून आपण वर्षांची गणती घेतली आणि जिच्यासाठी ती मांडली होती ती गोष्ट तिथेच ठेवली.

कोठारींचा जन्म 6 जुलै 1906 चा, मेवाडातल्या उदयपूरचा. वडील फतेहलाल शिक्षक होते. 1918 च्या साथीत ते गेले तेव्हा दौलतसिंह बारा वर्षांचे होते आणि भावंडांत थोरले. घर जैन, साधं, कमावता माणूस गेलेलं. वडिलांचे स्नेही सिरेमल बापना तेव्हा इंदूरला होळकरांच्या सेवेत होते. पुढे ते त्या संस्थानचे दिवाण झाले. त्यांनी या मुलाला इंदूरला आपल्याकडे शिकायला बोलावून घेतलं. होळकरांच्या त्या शहरात, महाराजा शिवाजीराव हायस्कुलात, कोठारींचं मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण झालं. बापनांनी तेव्हा हात दिला नसता तर ही गोष्ट उदयपुरातच थांबली असती. गरिबाच्या हुशार मुलाचं शिक्षण कुणाच्या तरी मोठ्या मनावर अवलंबून असू नये, हा विचार पुढे आयोगाच्या अहवालात फार ठळकपणे येतो. तो वाचताना मला इंदूरला निघालेला तो मुलगा आठवतो. माझं हे जुळवणं आहे; कोठारींनी स्वतः तसं म्हटल्याचा दाखला माझ्यापाशी नाही.

इंटर उदयपूरला करून, महाराणांची शिष्यवृत्ती घेऊन ते अलाहाबादला गेले. तिथे मेघनाद साहा होते. ढाक्याजवळच्या एका खेड्यातल्या किरकोळ दुकानदाराचा हा मुलगा 1920 मध्ये असं समीकरण देऊन बसला होता की ताऱ्याच्या प्रकाशाचा पट्टा पाहून त्याचं तापमान आणि त्यातल्या अणूंची स्थिती सांगता यावी. उष्णता वाढत गेली की अणूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, किती सुटे होतात हे साहांच्या समीकरणातून कळतं. 1928 मध्ये कोठारी त्यांच्या हाताखाली एम.एस्सी. झाले, काही काळ तिथेच प्रयोगशाळेत शिकवलं आणि 1930 मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला, कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गेले. रदरफर्ड प्रयोगशाळेचे प्रमुख, आणि मार्गदर्शक राल्फ फाउलर. त्याच वर्षी, त्याच फाउलर यांच्याकडे मद्रासहून आणखी एक तरुण आला होता, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. दोघांपुढचा विषयही शेजारशेजारचा : इंधन संपलेला तारा स्वतःच्या वजनाखाली दबत जातो, श्वेत बटू होतो, तेव्हा त्याला आतून कोण तोलून धरतं? चंद्रशेखर पुढे अमेरिकेत गेले, तिथलेच झाले. कोठारी 1933 मध्ये पीएच.डी. घेऊन परतले.

त्यांच्या संशोधनाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आयोगाच्या गर्दीत ते हरवून गेलं आहे. साहांनी सांगितलं होतं की तापवलं की अणू फुटून इलेक्ट्रॉन मोकळे होतात. कोठारींनी विचारलं, तापवलंच नाही, नुसतं दाबलं तर? प्रचंड दाबाखाली अणू एकमेकांच्या इतके जवळ येतात की कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या अणूचा हे उरतच नाही; थंड पदार्थातही इलेक्ट्रॉन सुटतात. दाबामुळे होणाऱ्या या आयनीभवनाचा सिद्धान्त त्यांनी दिल्लीत बसून मांडला आणि रॉयल सोसायटीच्या कामकाजात तो प्रसिद्ध झाला. त्यातून एक विलक्षण निष्कर्ष निघाला. थंड गोळ्यात पदार्थ घालत गेलं तर तो आधी मोठा होत जातो, पण एका टप्प्यानंतर मोठा होत नाही. आणखी घातलं तर उलट आक्रसतो. लग्नघरी गाद्यांची चळत रचताना वर नवी गादी टाकावी आणि खालच्या इतक्या चेपाव्यात की चळतीची उंची वाढूच नये, तसं. कोठारींच्या हिशेबात थंड गोळ्याची ही कमाल मर्यादा साधारण गुरू ग्रहाएवढी येत होती. म्हणजे आपल्या सूर्यमालेतला सगळ्यात मोठा ग्रह जवळपास तेवढा मोठा आहे, जेवढं थंड पदार्थाला होता येतं. आज इतर ताऱ्यांभोवती गुरूपेक्षा कितीतरी पट जड ग्रह सापडले आहेत. फार तापलेले सोडले तर त्यांची त्रिज्या गुरूच्याच आसपास भरते. 1930 च्या दशकात, सूर्यमालेबाहेरचा एकही ग्रह ठाऊक नसताना, कागद-पेन्सिलीवर हे उत्तर काढलेलं होतं.

फकीरचंद औलक यांच्याबरोबर 1946 मध्ये लिहिलेला त्यांचा एक निबंधही सांगण्यासारखा आहे. एखादी संख्या छोट्या संख्यांच्या बेरजेनं किती प्रकारे लिहिता येते, हा रामानुजन आणि हार्डी यांनी गाजवलेला प्रश्न. कोठारी आणि औलक यांनी तो सांख्यिकी भौतिकीत आणला. कणांमध्ये ऊर्जा किती तऱ्हांनी वाटली जाते आणि संख्या किती तऱ्हांनी फोडता येते, हे एकच गणित आहे असं त्यांनी दाखवलं. गणितज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ दोघांनाही परक्या वाटणाऱ्या सीमेवर काम करण्याची ही हौस पुढच्या आयुष्यातही दिसते.

1934 मध्ये ते दिल्ली विद्यापीठात रीडर म्हणून आले तेव्हा ते विद्यापीठ उणंपुरं बारा वर्षांचं होतं. सेंट स्टीफन्स, हिंदू, रामजस अशी मोजकी कॉलेजं. विज्ञानाचं उच्च शिक्षण नावापुरतं. रदरफर्ड यांची शिफारस पाठीशी असलेल्या माणसाला कलकत्ता, अलाहाबाद इथे जागा मिळाली असती. त्यांनी दिल्ली घेतली आणि सत्तावीस वर्षं तिथल्या भौतिकशास्त्र विभागाला दिली. आज तो देशातल्या मोठ्या विभागांपैकी आहे. सर मॉरिस ग्वायर कुलगुरू झाल्यावर या विद्यापीठाला वेग आला हे खरं, पण विभाग उभा करायला रोज वर्गात जाणारा माणूस लागतो. तो तिथे आधीच होता.

स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी संरक्षणाच्या वैज्ञानिक बाजूबद्दल सल्ला मागितला तो ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्याकडे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या मोहिमा गणिताच्या आधारानं आखायला शिकवणारा हा माणूस, कोठारींच्या केंब्रिजच्या दिवसांत कॅव्हेंडिशमध्येच होता. 1948 मध्ये कोठारी संरक्षणमंत्र्यांचे पहिले वैज्ञानिक सल्लागार झाले. विद्यापीठ मात्र त्यांनी सोडलं नाही. लष्कराला शस्त्रं बाहेरून येत होती. ती कशी चालतात, कोणत्या हवेत बिघडतात, जवान किती उंचीवर किती काळ टिकतो, खाणं किती दिवस टिकतं, हे मोजणारं कुणी नव्हतं. त्यांच्या काळात मुंबईच्या गोदीत नौदलाची प्रयोगशाळा, कोचीनला नौदलाचीच भौतिकी प्रयोगशाळा, जोधपूरला वाळवंटासाठीची, म्हैसूरला अन्नाची अशा संस्था एकामागून एक निघाल्या. पुण्यात 1952 मध्ये दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात शस्त्रास्त्रांचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. ती पुढे खडकवासल्याजवळ गिरिनगरला गेली आणि आज अभिमत विद्यापीठ आहे. 1958 मध्ये या सगळ्यातून संरक्षण संशोधन आणि विकास संघटना आकाराला आली, तीच आपण डीआरडीओ म्हणून ओळखतो.

या काळावर टीका झालेली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. विद्यापीठातून आलेल्या शास्त्रज्ञांना मूलभूत प्रश्नांची ओढ, सेनादलांना उद्या हाती येणारी वस्तू हवी. ही फट कोठारींच्या कारकिर्दीत भरली नाही, आणि ते गेल्यावर दुसऱ्याच वर्षी चीनशी युद्ध झालं तेव्हा ती सगळ्यांना दिसली. पण विज्ञानाची माणसं आधी तयार केल्याशिवाय शस्त्रं तयार होत नाहीत हा त्यांचा आग्रह चुकीचा होता असं मला वाटत नाही. माणसं तयार व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात, एवढंच.

जैन घरात वाढलेला, गांधींना मानणारा माणूस युद्धखात्याच्या विज्ञानाचा प्रमुख होतो, ही गाठ कशी सुटत असेल? याचं उत्तर त्यांच्या एका पुस्तकात सापडतं. 1 मार्च 1954 ला अमेरिकेनं प्रशांत महासागरात बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बचा स्फोट केला. त्याची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. महिन्याभरात, 2 एप्रिलला, नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याचं आवाहन केलं. अशा स्फोटांचे परिणाम नेमके काय, याबद्दल सामान्य वाचकाला कळेल असं पुस्तक तेव्हा सहज मिळत नव्हतं. बरीचशी माहिती बॉम्ब बाळगणाऱ्या देशांच्या फायलींत होती. कोठारींनी ते पुस्तक लिहिलं. ‘न्यूक्लिअर एक्स्प्लोजन्स अँड देअर इफेक्ट्स’ हे 1956 मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागानं काढलं, नेहरूंनी प्रस्तावना लिहिली, दोन वर्षांत सुधारित आवृत्ती निघाली आणि परदेशी भाषांतही ते गेलं. अणुबॉम्ब नसलेल्या देशाच्या संरक्षण सल्लागारानं अणुबॉम्बविरुद्ध पुरावे मांडणारं पुस्तक लिहावं, याला त्या काळातही धैर्य लागत होतं. आज तर अशा पदावरच्या माणसाकडून त्याची कल्पनाही आपण करत नाही.

1961 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षपदावरून चिंतामणराव देशमुख पायउतार झाले. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे ते देशमुख. त्यांच्या जागी कोठारी आले आणि देशमुख दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कोठारींनी बारा वर्षं हे काम केलं. त्यांचा एक निर्णय मोलाचा ठरला. पैसा सगळीकडे सारखा पातळ पसरण्याऐवजी, ज्या विभागांत खरोखर काम होतंय ते निवडून त्यांना प्रगत अध्ययन केंद्र करायचं, मग तो विभाग कुठल्याही विद्यापीठात असो. पुणे विद्यापीठातलं संस्कृतचं केंद्र 1964 मध्ये असंच सुरू झालं. गोखले अर्थशास्त्र संस्थेला शेती अर्थशास्त्रासाठी, मुंबई विद्यापीठाला अर्थशास्त्रासाठी अशी केंद्रं मिळाली. भौतिकशास्त्रज्ञ अध्यक्ष असताना संस्कृतला ही जागा मिळाली, याची नोंद घ्यायला हवी. विज्ञान आणि वैज्ञानिक परिभाषा भारतीय भाषांत यावी म्हणून 1961 मध्ये केंद्रानं वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोग नेमला, त्याचेही पहिले अध्यक्ष कोठारीच होते.

आता मुख्य गोष्टीकडे. 14 जुलै 1964 ला शिक्षण आयोग नेमला गेला. शिक्षणमंत्री होते मोहम्मद करीम छागला, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. गांधीजयंतीला, 2 ऑक्टोबरला, काम सुरू झालं. सतरा माणसांत परदेशी तज्ज्ञही होते, रशियाचे, जपानचे, फ्रान्सचे, अमेरिकेचे, ब्रिटनचे. पण आयोगाचा सगळा भार वाहिला तो सदस्य-सचिवांनी, आणि ते होते आपले जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जयंत पांडुरंग नाईक स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, खेड्यात शाळा चालवल्या, गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं केलं. प्राथमिक शाळेच्या मास्तराचा पगार किती, गळती कितवीत होते, एका खोलीत किती वर्ग बसतात हे त्यांना तोंडपाठ. कोठारींकडे विज्ञान आणि विद्यापीठांचा अनुभव, नाईकांकडे गावच्या शाळेचा. ही जोडी जमली नसती तर अहवाल दिल्लीचाच झाला असता.

आयोगानं सर्व राज्यांत मिळून सुमारे शंभर दिवस प्रवास केला, नऊ हजारांवर माणसांशी बोलला, चोवीसशे निवेदनं वाचली. एकवीस महिन्यांनी, 29 जून 1966 ला, अहवाल छागलांच्या हाती दिला. त्याचं नाव ‘शिक्षण आणि राष्ट्रीय विकास’ या अर्थाचं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकोणीस प्रकरणं. स्वातंत्र्यानंतरचे याआधीचे आयोग एकतर विद्यापीठांचे होते, नाहीतर माध्यमिक शाळांचे. बालवाडीपासून पीएच.डी.पर्यंत सगळं एकत्र पाहणारा हा पहिला. हा लेख लिहिताना मी तो पुन्हा वाचला आणि गाइडात वाचलेला अहवाल आणि हा अहवाल एकच आहे यावर विश्वास बसेना.

दहा अधिक दोनचंच पाहू. महाराष्ट्रात जुनी अकरावीची एस.एस.सी. जाऊन 1975 मध्ये पहिल्यांदा दहावीची बोर्डाची परीक्षा झाली. त्या वर्षी जुने अकरावीवाले आणि नवे दहावीवाले एकदम बाहेर पडले, आणि कॉलेजांच्या दारात उडालेली तारांबळ आजही घराघरांत सांगितली जाते. पण आयोगाच्या मनातली पुढची दोन वर्षं कॉलेजची पायरी नव्हती. त्या दोन वर्षांत निम्म्या मुलांनी व्यवसाय शिकावा, हाताला काम मिळावं, कॉलेजला जायचं त्यांनी जावं, अशी कल्पना होती. आपण त्याला कनिष्ठ महाविद्यालय नाव दिलं आणि व्यवसाय शिक्षण एका कोपऱ्यात बसवलं. आता तर अकरावी-बारावी कॉलेजात नावापुरती आणि लातूरला, पुण्याला, कोटाला खासगी क्लासात खरी, अशी स्थिती आहे.

कार्यानुभवाचं तेच. मराठी शाळेत शिकलेल्या पिढ्यांना तो तास आठवत असेल : खडू बनवणं, मेणबत्त्या, फिनेल, कागदी फुलं, आणि बाई रजेवर असल्या की मैदान. आयोगाला शेतात, कारखान्यात, कार्यशाळेत होणारं खरं काम अपेक्षित होतं, ज्यातून काही उत्पन्न होईल आणि विज्ञान हातातून कळेल. गांधींच्या नयी तालीमचा विचार एका भौतिकशास्त्रज्ञाच्या हातून पुढे जात होता. कोठारींना प्रयोगशाळा आणि कार्यशाळा यांच्यात भिंत मान्य नव्हती. वेळापत्रकात एक तास टाकून ती पडत नसते.

मग शेजारशाळा. मला विचाराल तर अहवालाचा कणा इथे आहे. एका वस्तीतली सगळी मुलं, कारकुनाची, वकिलाची, मजुराची, एकाच शाळेत जावीत. वीस वर्षांत टप्प्याटप्प्यानं हे साधावं, असं आयोगानं सांगितलं. पैसेवाल्यांची मुलं त्याच शाळेत गेली की शाळेच्या छपराकडे, शिक्षकाच्या रिक्त जागेकडे, पाण्याच्या टाकीकडे लक्ष द्यायला प्रभावी आवाज मिळतो, हे त्यामागचं सरळ कारण होतं. 1968 च्या पहिल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात या शिफारशीचा उल्लेख आला, अंमलबजावणी आली नाही. पुढे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा आल्या, तो त्या विचाराचा फार लहानसा तुकडा. तोही आपल्याला पेलवेना. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असा नियम महाराष्ट्रानं फेब्रुवारी 2024 मध्ये काढला. मुंबई उच्च न्यायालयानं जुलैमध्ये तो रद्द केला.

शाळासंकुल या शिफारशीचं वाईट वाटतं ते वेगळ्या कारणानं. एका हायस्कुलाभोवतीच्या छोट्या प्राथमिक शाळा त्याला जोडाव्यात, प्रयोगशाळा, ग्रंथालय, चांगला गणिताचा शिक्षक सगळ्यांनी वाटून घ्यावा, अशी ती कल्पना. छोट्या शाळेला बळ देण्यासाठी. 2023 मध्ये महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा शब्द बराचसा तसाच होता, दिशा उलटी. वाडीवरची शाळा बंद झाली की मुलीचं शिक्षण पहिल्यांदा थांबतं. हे नाईकांनी लिहून ठेवलेल्या काळातही खरं होतं, आजही आहे.

आणि भाषा. त्रिभाषा सूत्र म्हणजे कोठारी आयोग, असं आपण मानतो. पण आयोगानं ते बदलून दिलं होतं, याकडे डोळेझाक होते. पहिली ते चौथी एकच भाषा, मुलाची मातृभाषा किंवा प्रदेशाची भाषा. दुसरी भाषा त्यानंतरच्या टप्प्यावर. तिसरी सक्तीची भाषा आठवी ते दहावीत. लहान मुलावर तीन भाषांचा भार टाकू नये, हे इतक्या स्वच्छपणे साठ वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे. एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणणारा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये तो बदलून पुन्हा निघाला, महाराष्ट्रभर विरोध उसळला आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. आयोगानं अहवाल सादर केला तीच तारीख, बरोबर एकोणसाठ वर्षांनी. त्या दोन-अडीच महिन्यांच्या चर्चेत कोठारी आयोगाचं नाव दोन्ही बाजूंनी घेतलं गेलं. ते भाषेचं प्रकरण काढून वाचलं असतं तर निम्मी चर्चा करावीच लागली नसती. उच्च शिक्षणही शेवटपर्यंत भारतीय भाषांत व्हावं, ही आयोगाची भूमिका तर आता कुणी बोलूनही दाखवत नाही.

सहा टक्क्यांबद्दल फार लिहायला नको. 1986 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा असं म्हटलं होतं. 2020 च्या धोरणातही तोच आकडा ध्येय म्हणून छापला आहे.

यातलं काय झालं, काय राहिलं, याचा हिशेब नाईकांनीच शेवटी मांडला. 30 ऑगस्ट 1981 ला ते गेले, आणि त्यांचं ‘द एज्युकेशन कमिशन अँड आफ्टर’ हे पुस्तक त्यांच्या पश्चात निघालं. आपल्याच कामाचं अपयश इतक्या प्रामाणिकपणे तपासणारं सरकारी माणसाचं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही.

कोठारींचं एक काम मात्र जवळपास तसंच्या तसं अमलात आलं, आणि त्याचा लाभ मराठी मुलांना थेट झाला. 1974 मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगानं नागरी सेवांच्या भरतीचा विचार करण्यासाठी समिती नेमली, अध्यक्ष कोठारी. अहवाल 1976 चा, अंमल 1979 पासून. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत ही रचना तिथली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुख्य परीक्षेची उत्तरं राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत लिहिण्याची मुभा. तोवर मुख्यतः इंग्रजीतच द्यायची ही परीक्षा इंग्रजी शाळांत आणि मोठ्या शहरांत शिकलेल्यांची होती. 1979 नंतर बीड, नांदेड, चंद्रपूर, सांगलीकडच्या शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या मुलांना मराठीत निबंध लिहून जिल्हाधिकारी होण्याची वाट खुली झाली. मार्च 2013 मध्ये ही मुभा आवळणारी अधिसूचना निघाली, तेव्हा महाराष्ट्रातून मोठा आवाज उठला, संसदेत गदारोळ झाला आणि ती मागे घ्यावी लागली. उदयपूरच्या शिक्षकाच्या मुलानं उघडलेलं दार बंद होऊ नये म्हणून लोक भांडले. ते दार कुणी उघडलं हे भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं.

पद्मभूषण 1962 मध्ये, पद्मविभूषण 1973 मध्ये, राष्ट्रीय विज्ञान अकादमीचं अध्यक्षपद, 1981 पासून दहा वर्षं जेएनयूचं कुलपतिपद. मानसन्मानांची यादी आणखी लांबवता येईल. 4 फेब्रुवारी 1993 ला ते गेले. शेवटच्या वीस वर्षांत त्यांना एकाच प्रश्नानं धरून ठेवलं होतं. नील्स बोर यांनी सांगितलं होतं की इलेक्ट्रॉन कधी कण तर कधी तरंग दिसतो. दोन्ही वर्णनं एकमेकांना छेद देतात आणि तरी दोन्ही लागतात. कोठारींना त्यात जैनांचा स्याद्वाद दिसत होता : सत्याबद्दलचं प्रत्येक विधान एका बाजूनं खरं, म्हणून दुसऱ्याची बाजू ऐकण्याला जागा हवी. त्यांच्या लेखी अहिंसेचं मूळही तिथेच होतं. सगळ्या भौतिकशास्त्रज्ञांना हे साम्य पटत नाही, आणि मलाही ते शेवटपर्यंत पटतं असं नाही. पण प्राचीन ग्रंथांत क्वांटम भौतिकी आधीच होती, असल्या फुशारकीशी त्याचा काही संबंध नव्हता. अणूचं ज्ञान असलेल्या माणसानं स्वतःशी कसं वागायचं, हे त्यांना शोधायचं होतं. 1978 मध्ये त्यांना मेघनाद साहा पदक मिळालं तेव्हा परंपरेप्रमाणे व्याख्यान द्यायचं होतं. गुरूच्या नावाचं पदक, विषय निवडायला मोकळीक. श्वेत बटू, दाबाखालचे अणू, ग्रहांची मर्यादा, काहीही चाललं असतं. त्यांनी विषय घेतला ‘अणू आणि आत्मा’.